कवचाची आतली बाजू

"कशावरून?"

त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला शब्द, आणि तो मलाच उद्देशून होता. बीडमध्ये एका क्लासवर इतिहास शिकवायची नोकरी लागली होती, राहायला खोली हवी होती, आणि एका रिक्षावाल्यानं मला त्यांच्या दारात आणून सोडलं होतं. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. तिन्ही गोष्टी शांतपणे ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "कशावरून?" मी ओळखपत्र पुढं केलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"तुमी जे सांगितलं ते त्यांनी ह्याच्यावर छापलं," ते म्हणाले. "आता ह्याच्यावर छापलंय म्हणून तुमी मला सांगता. बरं हाय. खोली बघून घ्या."

म्हातारा सटकलेला आहे असं मी मनात म्हटलं, आणि खोलीत उजेड चांगला होता म्हणून राहिलो. एक वर्ष काढू म्हणता म्हणता सात वर्षं काढली. ते गेले त्यालाही आता दोन वर्षं झाली, तरी कुणी काही ठामपणे बोललं की माझ्या तोंडात त्यांचा तो शब्द येतो आणि मी तो गिळून टाकतो. सगळीकडे तसं विचारत सुटलं की माणसाचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे.

ते शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. लोक समोर त्यांना सर म्हणत आणि पाठीमागं पुरावा सर. दूधवाला सकाळी बातमी घेऊन यायचा, "सर, काल पेठेत लई मोठी हाणामारी झाली." सर पातेलं पुढं धरून विचारायचे, "पाहिलं, ऐकलं, का वाटलं?" दूधवाला बिचारा गडबडायचा. ऐकलं म्हणाला तर कुणाकडून, आणि त्यानं तरी कुणाकडून, अशी चौकशी सुरू व्हायची, आणि तोवर पुढच्या चार घरांचं दूध खोळंबायचं. शेवटी त्यानं बातम्या आणणंच बंद केलं. भाजीवालीनं त्याच्या आधीच बंद केलं होतं. चौकातल्या हॉटेलात सर चहाला जाऊन बसले की आजूबाजूची बोलणी हळूहळू थांबायची, माणसं कप रिकामे करून उठायची. सर मात्र पुढच्या संध्याकाळी पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसायचे, आणि एकटेच चहा पिऊन घरी यायचे.

त्यांचा वाढदिवस एक जूनला. आमच्या भागात निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनलाच असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तारीख टाकून दिलेली असते. बाकीची माणसं त्या दिवशी खुशाल केक कापतात. मी पहिल्या वर्षी पेढे घेऊन वर गेलो तर सर म्हणाले, "माझा वाढदिवस न्हाई, मास्तर. गुरुजींना मी त्या दिवशी जन्मल्यासारखा वाटलो, एवढंच." पेढे मात्र त्यांनी चारही खाल्ले.

मला ते मास्तर म्हणायचे, थोडं चिडवायला. माझ्या धंद्यावर त्यांचा राग होता. क्लासमध्ये आम्ही एका प्रश्नाला चार पर्याय द्यायचो आणि त्यातला एक बरोबर असायचा. माझी प्रश्नपत्रिका वाचताना ते चष्मा कपाळावर चढवायचे.

"पाचवा पर्याय कुठं हाय?"

"कुठला पाचवा?"

"माहीत न्हाई."

"सर, तो ठेवला तर सगळी पोरं तोच निवडतील."

"मग एवढ्या वर्षांत पहिल्यांदा खरं उत्तर लिवतील."

चेष्टेवारी नेलं तरी या स्वभावानं त्यांचं नुकसानच केलं. मी राहायला यायच्या आधीची गोष्ट, काकूंकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून, ऐकलेली. एका पुढाऱ्याच्या वडिलांची पुण्यतिथी होती आणि त्या निमित्तानं घराण्यावर एक जाड पुस्तक निघणार होतं. घराण्याचा इतिहास लिहायला सरांना सांगितलं होतं. पुढारी स्वतः गाडीतून घरी आला.

"आमच्या घराण्याला सनद मिळालेली हाय, सर. ते पहिल्या पानावर घ्या."

"दाखवा."

"ती आज्याच्या काळात घराला आग लागली त्यात गेली."

"मग सनद होती असं ऐकलं, म्हणून लिवतो."

"ऐकलं कावून? मी स्वतः सांगतोय की."

"म्हणूनच तर ऐकलं."

पुस्तक निघालं, सरांचा लेख त्यात नव्हता. त्यानंतर झेंडावंदनाला, बक्षीस समारंभाला, कशालाच त्यांना बोलावणं आलं नाही. ज्या शाळेत उभं आयुष्य घालवलं तिच्या स्नेहसंमेलनाची पत्रिकासुद्धा यायची बंद झाली. सरांनी कुरकुर केली नाही. पण पत्रिका वाटायच्या दिवसांत ते दुपारी विनाकारण दारात खुर्ची टाकून बसत, हे मी सात वर्षं पाहिलं.

काकू बहुतेक गेवराईला भावाकडं असत. भांडण वगैरे काही नव्हतं. दिवाळीच्या आधी येऊन घर झाडून, फराळ करून, महिनाभर राहून परत जात. मी एकदा धीर करून कारण विचारलं. "हे बघा," त्या म्हणाल्या, "माझं डोकं दुखतंय म्हणलं तरी ह्यांच्या चेहऱ्यावर शंका येती. वाईट माणूस न्हाई हो. पण दिवसभर साक्ष देत बसायचं म्हणजे जीव शिणतो." मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं, कारण सर आतल्या खोलीत होते आणि दार उघडं होतं.

पण एका बाबतीत हा माणूस स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता, आणि ते मला तिसऱ्या वर्षी कळलं.

दर अमावस्येला ते सकाळच्या एसटीनं नेकनूरला जात. तिथून पुढं त्यांचं मूळ गाव, अर्ध्या तासाची चाल. देवधर्म न करणारा माणूस अमावस्येला कुठं जातो याची उत्सुकता वाटून मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. गावाबाहेर लिंबाच्या झाडाखाली भैरोबाचं ठाणं होतं. चार भिंती, वर पत्रा, आत कमरेएवढा उभा दगड. दगड म्हणायचा एवढंच. वर्षानुवर्षांच्या तेल-शेंदरानं त्याचा केशरी गोळा झाला होता. सरांनी चपला काढल्या, समोर मांडी घातली आणि तासभर नुसतं बघत बसले. ना फूल, ना नारळ. माझ्या पायाला मुंग्या आल्या.

तिथला गुरव त्यांच्याच वयाचा होता. त्याला या बैठकीची सवय असावी. तो दिव्यात तेल घालत म्हणाला, "न्हाई सर, अजून हालचाल न्हाई. सोडंल तवा सोडंल."

तो कवचाबद्दल बोलत होता. शेंदराचे थर चढत चढत त्याचं जाड कवच होतं आणि कधीतरी, पन्नास-साठ वर्षांनी म्हणा, ते आपोआप तडकून सुटतं. देवानं कवच सोडलं म्हणतात. मग ते कवच वाजतगाजत नेऊन गोदावरीत सोडायचं, देवाला आंघोळ घालायची, आणि त्याच सकाळी नवा शेंदूर लावायचा. देवाला उघडं ठेवायचं नसतं. या भैरोबानं आधी एकदाच कवच सोडलेलं लोकांना ठाऊक होतं, गुरवाच्या वडिलांच्या काळात. साल कुणाला सांगता येईना. ऊसतोडीच्या टोळ्या लवकर निघाल्या होत्या त्या साली, एवढंच.

परतीच्या एसटीची वाट बघत आम्ही नेकनूरच्या थांब्यावर बसलो होतो. मी विचारलं, "सर, तुम्ही नक्की कशाची वाट बघताय?" ते रस्त्याकडं बघत बोलायला लागले.

"माझ्याकडं आईचा फोटो न्हाई, मास्तर. चेहरा आठवावा म्हणलं तर मावशीचा येतो. आवाज तर गेलाच. एक सकाळ तेवढी हाय. मी सहा वर्षांचा असंन. आमची टोळी ऊसतोडीला निघायची होती, मला आज्जीपाशी ठेवून. निघायच्या दिवशी आई मला भैरोबाला घेऊन गेलती. देवानं कवच सोडलेलं, दगड उघडा. आन त्याच्यावर अक्षरं होती. तिनं माझी बोटं धरून त्या अक्षरांवरून फिरवली."

"मग?"

"मग काय. ती गेली ती आलीच न्हाई. फडात तापानं गेली म्हणत्यात. कुठल्या गावात जाळली ते बापानं एक सांगितलं, मुकादमानं दुसरं, चुलत्यानं तिसरं. माझ्या वहीत 'गेली, असं ऐकलं' एवढंच हाय."

मी म्हटलं, "पण ती सकाळ तर तुम्ही स्वतः पाहिलीय."

"सहा वर्षांच्या पोराची साक्ष मी दुसऱ्या कुणाची धरली असती का? आन आई निरक्षर. ती कशाला अक्षरांवरून बोटं फिरवील? पुढं कधीतरी, आई पायजे वाटलं म्हणून, मीच रचलं असंल." ते उठून एसटी दिसते का बघून आले. "त्या सकाळमधली तपासता येईल अशी एकच गोष्ट हाय. त्या दगडावर लिवलंय असं गावात कुणीच म्हणत न्हाई. म्हणजे मी ते ऐकून धरलेलं न्हाई. अक्षरं निघाली तर मी तिथं होतो, आन माझा हात तिच्या हातात होता. न्हाई निघाली तर..."

तेवढ्यात एसटी आली. खिडकीजवळची जागा मिळाल्यावर त्यांनी दुसराच विषय काढला.

पुढं एकदा मी उतावीळपणे म्हणालो, "गुरव तुमच्या ओळखीचा आहे. एक कोपरा जरा खरवडून बघू, कुणाला कळणार नाही." सात वर्षांत सर माझ्यावर एकदाच चिडले ते तेव्हा. "पात्यानं खरवडलं की पात्याच्या रेघा उठत्यात. मग त्यातली अक्षरं कुठली आन रेघा कुठल्या?" एवढं बोलून झाल्यावर हलक्या आवाजात म्हणाले, "आन जिथं तिनं डोकं टेकलं तिथं मी पातं लावू व्हय?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

सातव्या वर्षी, हिवाळ्यात, सर न्हाणीत पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. काकू गेवराईहून आल्या त्या राहिल्याच. सर पलंगावर पडून असायचे, आणि दोन अमावस्या चुकल्याची खंत दुखण्यापेक्षा जास्त बोलून दाखवायचे. आणि नेमका तेव्हा, एका पहाटे, गुरवाचा फोन आला. काकूंनी मला जिन्यातून हाक मारली. मी वर गेलो तेव्हा सर फोन छातीवर धरून पडले होते.

"सोडलं," ते म्हणाले. "नऊला न्यायला निघणार हायत. गुरव म्हणतो, तुमच्यासाठी तेवढं थांबवतो. तुमी जा, मास्तर."

त्यांनी मला बॅटरी दिली. उजेड समोरून पाडू नका, बाजूनं, दगडाला टेकवून पाडा, म्हणजे झिजलेलं अक्षरसुद्धा सावली टाकतं, असं दोनदा समजावलं. मी क्लासला सुट्टी कळवली आणि मोटारसायकल काढली. थंडीनं बोटं आखडली होती. मी इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण त्यातलं काही स्वतः बघायला निघालोय असं त्या दिवशी पहिल्यांदा घडत होतं.

गाव निम्मं रिकामं होतं. टोळ्या उसाला गेलेल्या, मागं म्हातारी माणसं आणि थोडी पोरं. ठाण्यासमोर नव्या कोऱ्या कापडावर कवचाचे चार मोठे तुकडे ठेवले होते, कडेनं बघितलं तर लाल, काळे, केशरी थर दिसत होते. आत दगडाला नुकतीच आंघोळ घातलेली. ओला, काळा, एवढा लहान की मला ओळखू येईना.

गुरव म्हणाला, "लावा हात, मास्तर. सरांसाठी थांबलोय. पण लई येळ न्हाई."

मी हात लावला. वरपासून खालपर्यंत फिरवला, परत फिरवला. बॅटरी बाजूनं टेकवून चारी अंगांनी बघितलं. फोटो काढले, पस्तीस-चाळीस तरी असतील. खड्डे होते, एक आडवी चीर होती. अक्षर नव्हतं. मी बोटाच्या टोकानं ती चीर तीन वेळा चाचपली, तिचं काहीतरी अक्षर व्हावं म्हणून. गुरव मागून म्हणाला, "दगडाची सालबी कवचासंगं निघाली बघा जागोजाग. जुना दगड, धरत न्हाई." मी हूं म्हटलं. माझं लक्ष त्याच्या बोलण्याकडं नव्हतं. मी सरांना काय सांगायचं त्याचा विचार करत होतो. म्हाताऱ्या बायांनी शेंदूर तेलात कालवला होता. बघता बघता दगड पुन्हा केशरी झाला. टेम्पोत कवच ठेवलं, हलगी वाजली, टेम्पो निघाला. मी त्याला हात जोडले आणि बाजूच्या टपरीवर चहा पीत बसलो. घरी जायचा धीर होत नव्हता.

बीडच्या अलीकडं, पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. टाकीचं झाकण हातात धरून मी तसाच उभा राहिलो. दगडाची साल कवचाबरोबर निघाली होती. म्हणजे अक्षरं असलीच तर तीही निघाली असतील. आणि कवचाचा सगळ्यात आतला थर लागला तो सरांच्या त्या सकाळीच; ओला शेंदूर उघड्या दगडावर लावलेला. त्या दिवशी दगडावर जे काही होतं त्याचा ठसा कवचाच्या आतल्या बाजूला असणार. चारही तुकडे माझ्या पायाशी होते. एक उलटा करून बघायचं मला सुचलं नाही. मी फोटो काढत होतो.

मग मी शहरात शिरलोच नाही. बाह्यवळणानं गाडी गेवराईकडं काढली. महामार्गावर ट्रकांच्या मधून अशी गाडी मी पुन्हा कधी चालवणार नाही. गेवराईच्या पुढं गोदाकाठावर पोचलो तेव्हा टेम्पो रिकामा उभा होता, आणि चार माणसं ओल्या धोतरानं चढ चढून वर येत होती.

"सोडलं?" मी विचारलं.

"सोडलं की. मधल्या डोहात, लई खोल पाणी हाय तिथं."

"त्याची आतली बाजू कुणी बघितली का?"

त्यांनी एकमेकांकडं बघितलं. त्यातला एक म्हणाला, "आतली बाजू कावून बघायची, मास्तर? सोडलेलं कवच पालथं घालत नसत्यात."

मी काठावर बसून राहिलो. त्या दिवशी मला स्वतःची जेवढी चीड आली तेवढी आजवर आलेली नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काकू स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. वाटेत मी सगळं जुळवून ठेवलं होतं: दगडावर अक्षरं दिसली नाहीत, साल निघालेली असल्यामुळं ती नव्हती असं म्हणता येत नाही, कवच बघायला हवं होतं, ते माझ्या चुकीनं राहिलं. फोन खिशात होता. दिवसभरात सरांनी मला एकदाही फोन केला नव्हता.

त्यांनी मला पलंगावर बसायला सांगितलं. गाडीनं त्रास दिला का विचारलं, खाल्लं का विचारलं. मी खिशातून फोन काढला तर त्यांनी मान हलवून तो परत ठेवायला लावला. माझ्या चेहऱ्याकडं ते बराच वेळ बघत होते. अक्षरांबद्दल त्यांनी विचारलंच नाही.

"हात लावला?"

"लावला."

"गार होता?"

"लई गार होता, सर."

त्यांनी डोळे मिटले. "मी हात काढून घेतलता," ते म्हणाले. "गार लागला म्हणून. तिनं परत धरून ठेवला. म्हणली, राहू दे थोडा येळ." हे त्यांनी मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. माझी खात्री आहे, कुणालाच सांगितलं नसणार. मग ते म्हणाले, "गार होता म्हणजे बरोबर हाय."

हिवाळ्यातल्या सकाळी, नुकतंच पाणी घातलेला कुठलाही दगड गार असतो. माझ्या क्लासमधल्या पोरानंही हे सांगितलं असतं, आणि त्यांना तर ते सांगायची गरजच नव्हती. मी कवचाबद्दल बोलायला तोंड उघडलं.

"कुठला हात?" त्यांनी विचारलं.

"उजवा."

"दे इकडं."

पहिल्यांदाच ते मला अरेतुरे करत होते. मी हात पुढं केला. गाडीवरून आलेला, ग्रीस लागलेला, नखात शेंदूर असलेला हात. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि छातीवर ठेवला. काकू ताट घेऊन आल्या, आमच्याकडं बघून दारातच थांबल्या. भाकरी गार होत होती. सरांनी माझा हात सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.